पाच वाजता शाळा सुटते

हिंगोली जिल्ह्यात लेकरांच्या संध्याकाळचं वेळापत्रक घरात बसून ठरत नाही. ते एसटीच्या शेवटच्या फेरीवर ठरतं, सोयाबीन कापणीला आलंय की नाही यावर ठरतं आणि थ्री फेजची वीज या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, यावर ठरतं. मुलांना शाळेनंतर काय शिकवावं, कुठे घालावं, त्यासाठी आई-बापांनी वेळ कसा काढावा, याची चर्चा आपण बहुतेकदा पुण्या-मुंबईची घरं डोळ्यांपुढे ठेवून करतो. तिथे दुचाकीवरून पोहण्याला, तिथून तबल्याला आणि तिथून घरी अशी धावपळ असते. ती धावपळ खरी आहे आणि तिचा थकवाही खरा आहे. पण महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलांची संध्याकाळ तशी नाही, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हा लेख हिंगोलीबद्दल.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि शंभरातली सुमारे पंच्याऐंशी माणसं खेड्यात राहत होती. खेडं, वाडी, तांडा आणि शेतातला आखाडा. आखाड्यावर राहणाऱ्या मुलाला शाळेतून घरी पोचायलाच दोन-तीन किलोमीटर चालावं लागतं. पाचला सुटलेलं लेकरू सहाला घरी येतं. हिवाळ्यात तोवर दिवस कलतो, आणि मग ‘शाळेनंतर’ असं काही उरतच नाही.

जे उरतं, त्यात शेती शिरते. इथलं वर्ष शेताच्या हिशेबानं चालतं. जूनमध्ये पेरणी, जुलै-ऑगस्टमध्ये निंदण-खुरपण, दसरा ते दिवाळी सोयाबीनची सुगी, पाठोपाठ कापसाची वेचणी, आणि संक्रांत मागे पडली की हळद. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या पिवळ्या सोन्याचं कौतुक सगळीकडे झालं, पण ते शेतातून बाजारापर्यंत यायला किती हात लागतात, हे ज्यांच्या घरी हळद आहे त्यांनाच ठाऊक. कंद खणून काढायचे, माती झाडायची, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, कुकरमध्ये शिजवायची, पंधरा-वीस दिवस वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची. वेचणीचं काम बहुतेक बायांचं. वाळत घातलेल्या हळदीवर लक्ष ठेवायचं, सांजेला ढीग करून झाकायचा, हे काम आपसूक लेकरांकडे येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजते आणि नेमक्या त्याच महिन्यांत परीक्षा येतात. दरवर्षी येतात. या दोन वेळापत्रकांची गाठ कुणीतरी बसून सोडवायला हवी, असं इतक्या वर्षांत कुणाला वाटलेलं दिसत नाही.

घरच्या कामाला हात लावणं वाईट, असं मला म्हणायचं नाही. बापाबरोबर बैल धरताना, आजीबरोबर शेंगा फोडताना मूल पुष्कळ शिकतं, आणि ते शिकणं पुस्तकात नसतं. प्रश्न किती वेळ, कोणत्या वयात आणि कोणाच्या वाटणीला, हा आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर तिनं सरसकट बंदी घातली, पण एक वाट मोकळी ठेवली. शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मुलानं आपल्या कुटुंबाला, कुटुंबाच्या उद्योगाला मदत केली तर चालेल, मात्र ते काम धोक्याचं नसावं. म्हणजे शाळा सुटल्यानंतरच्या तासांवर पहिला हक्क कुटुंबाच्या कामाचा, ही गोष्ट कायद्यानंच मान्य केली. खेळाचा, वाचनाचा, नुसतं रिकामं बसण्याचा हक्क तिथे कुठे लिहिलेला नाही. शेतकऱ्याच्या घरात ही सवलत कशी वापरली जाते, हे घराच्या परिस्थितीवर अवलंबून असतं. मजूर लावायला पैसे असले तर लेकरू मोकळं राहतं आणि नसले तर ते मजुराच्या जागी उभं राहतं. त्यातही मुलगा आणि मुलगी यांच्या वाटणीला एकसारखं काम येत नाही. मुलगा शेरडं सोडून आणतो आणि पारावर खेळायला जातो. मुलगी घर झाडते, पाणी भरते, धाकट्याला सांभाळते आणि भाकरीचं पीठ मळून ठेवते, कारण आई अजून वावरातून यायची असते.

आईच्या दिवसाबद्दल बोलल्याशिवाय या विषयाला हात घालता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाकाठी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. ही सरासरी झाली. सुगीच्या दिवसांत गुत्त्यानं सोयाबीन कापायला जाणारी बाई पहाटे उठून स्वयंपाक उरकते, सात-आठला टमटममध्ये बसते, दिवसभर वाकून कापते आणि अंधार पडता पडता परत येते. गुत्त्याचं काम एकराच्या हिशेबानं असतं, तासाच्या नाही. त्यामुळे लवकर निघायची सोयच नाही. तिनं घरी येऊन मुलाची वही बघावी, गृहपाठ घ्यावा, असं पालकसभेत सांगणाऱ्यांनी एकदा तिच्याबरोबर त्या टमटममधून यावं. बापाचंही वेगळं नाही. शेतीपंपाची वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळते. रात्रीच्या पाळीत तो जेवून बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघतो. मुलाला गणित समजावून सांगायच्या वेळी तो वाफ्यात उभा असतो. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात सौर कृषी वाहिनी योजनेचं काम चालू आहे. ती योजना आपण सिंचनाच्या खात्यात टाकतो. पण ज्या घरात बाप रात्री घरी राहू लागेल, त्या घरात तिचा हिशेब मुलांच्या खात्यातही मांडावा लागेल.

मग या घरांमध्ये शाळेनंतरचा उपक्रम म्हणून काय असतं? एकच गोष्ट असते, आणि तिच्यासाठी आई-बाप पोटाला चिमटा घेऊन पैसे काढतात. ती म्हणजे नवोदयचा क्लास.

जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय वसमतला आहे. सहावीच्या वर्गात ८० जागा. किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश मुलींना. एकदा आत गेलं की बारावीपर्यंत राहणं, जेवण आणि शिक्षण यांची चिंता बहुतांश मिटते. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यांतले ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. मूल पाचवीत असताना ही परीक्षा एकदाच देता येते, पुन्हा संधी नाही. दहा वर्षांच्या लेकराच्या आयुष्यातली ही पहिली एकदाच मिळणारी गोष्ट.

यामुळे पाचवीचं वर्ष घरात वेगळंच असतं. तिसरीपासून आकृत्यांची पुस्तकं येतात. गावात कुणी शिकवणारा असला तर संध्याकाळी त्याच्या ओसरीवर वीस-पंचवीस मुलं बसतात. नसला तर तालुक्याच्या गावी जायचं, आणि तिथून परत कसं यायचं हा प्रश्न सोडवायचा. काही जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक स्वतःच्या मनानं शाळेआधी एक तास आणि नंतर एक तास मुलांना घेऊन बसतात, आणि पैसे घेत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८नं शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. हे शिक्षक शिकवणी घेत नाहीत, ते शाळाच जास्त वेळ चालवतात. मराठवाड्यात असे शिक्षक आहेत आणि त्यांची नोंद कुठेही होत नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे.

तरी एक गोष्ट बोलायलाच हवी. ८० जागांसाठी अख्ख्या जिल्ह्यातली मुलं बसतात. ज्यांचं होत नाही ती बहुसंख्य. त्या मुलांच्या दोन-तीन वर्षांच्या संध्याकाळी आकृत्या जुळवण्यात गेलेल्या असतात आणि निकालानंतर घरात एक उदास शांतता पसरते, जणू लेकरानं काही गुन्हा केला. परीक्षेची तयारी फुकट जात नाही, हे खरं. त्याच अभ्यासावर शिष्यवृत्ती निघते, पुढे आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, आणि इथल्या घरात ती रक्कम मोठी आहे. पण मुलाच्या संध्याकाळी निवड परीक्षा सोडून दुसरं काहीच नसावं, हे मला मान्य नाही. दहा वर्षांचं लेकरू खेळलं नाही, गायलं नाही, मातीत लोळलं नाही, तर ते वर्ष त्याला परत मिळणार नाही. तेही एकदाच मिळतं.

हिंगोली शहरात चित्र थोडं निराळं आहे. राज्य राखीव पोलीस दलाची वसाहत, शिक्षक, बँक आणि कार्यालयांतले नोकरदार, मोंढ्यातले व्यापारी, अशा घरांतली मुलं अबॅकसला जातात, कराट्याला जातात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेला जातात. तिथे आई-बाप दोघंही नोकरीत असले की आजी-आजोबांवर भार येतो. आठवी-नववीपासून मात्र तिथेही एकच रस्ता उरतो आणि तो नांदेडला किंवा लातूरला जातो. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी आई मुलाला घेऊन नांदेडला खोली करते, बाप गावी राहतो, धाकटं भावंड आजीकडे. एका मुलाच्या क्लाससाठी एक घर तीन ठिकाणी राहतं. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४मध्ये कोचिंग संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं सांगितलं. सूचना चांगली आहे. पण गावात विज्ञानाची प्रयोगशाळा चार वाजता कुलूपबंद होत असेल, तर आई-बाप नांदेडची वाट धरणारच. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेले सुमारे २६०० कोटी रुपये. जगातले शास्त्रज्ञ या तालुक्यात येतील. त्या कुंपणाच्या अलीकडच्या गावांतल्या मुलांना संध्याकाळी एखादी दुर्बीण हाताळता आली, साधं भिंग घेऊन बसता आलं, तर या प्रकल्पाचा पहिला लाभ या मातीला मिळाला असं म्हणता येईल.

आता मुलींच्या बसबद्दल. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत शाळकरी मुलींसाठी निळ्या एसटी बस सुरू झाल्या. त्यांत या जिल्ह्यातलेही तालुके आहेत. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, शाळेपासून जवळ राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सातवीनंतर घरी बसल्या असत्या अशा किती मुली या बसमुळे दहावी झाल्या, हे गावोगाव दिसतं. या योजनेचं मोल कमी करण्याचा विचारही माझ्या मनात नाही. मला तीत फक्त एक फेरी वाढवून हवी आहे. बस शाळा सुटली की निघते. खो-खोचा सराव पाचनंतर असतो. मैदानावर थांबलं तर बस जाते आणि बस चुकली तर आठ किलोमीटर अंधारातून यायचं. बाप म्हणतो, खेळ सोड. मुलगी खेळ सोडते. चांगली खेळाडू मुलगी संघातून का गळाली, असं क्रीडाशिक्षकाला विचारलं की उत्तर बसच्या वेळेत सापडतं. सहा-साडेसहाची एक फेरी आठवड्यातून तीन दिवस सोडली, तरी मुलींना मैदान मिळेल, वाचनालय मिळेल, गॅदरिंगच्या नाटकात काम मिळेल.

सगळंच हरवलेलं आहे असं मात्र नाही. नामदेवांच्या नर्सीच्या या मुलखात संध्याकाळच्या हरिपाठाची रीत अजून जिवंत आहे. देवळात दिवेलागणीला पोरं टाळ घेऊन उभी राहतात. पाऊल खेळायला शिकतात, ठेका धरतात, पाठांतर करतात, मोठ्यांच्या रांगेत उभं राहायचं धाडस येतं. एखादा पखवाज शिकतो. फी नाही, क्लास नाही, घरापासून पन्नास पावलांवर. आईला वावरातून यायला उशीर झाला तरी लेकरू कुठे आहे हे तिला माहीत असतं. उन्हाळ्यात वारकरी संस्कार शिबिरं भरतात आणि आता मुलीही त्यांत मृदंगाला बसू लागल्या आहेत. तसंच लेझीमचं, तसंच कबड्डीचं. हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. रामलीला आणि प्रदर्शन बघायला गावंच्या गावं लोटतात. मुलांना सांभाळत सांभाळत शिकवायची ही गावाची जुनी पद्धत आहे. तिच्यात उणिवा आहेत, सगळ्या जातींच्या आणि सगळ्या धर्मांच्या लेकरांना ती सारखी खुली असते असं नाही. म्हणूनच देवळाबरोबर शाळेचंही दार संध्याकाळी उघडं राहायला हवं. शाळा सगळ्यांची असते.

हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी घरोघर जाऊन पाहिलं. मुलगे गुरं राखायला जात होते आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळत होत्या. तेव्हा त्यांनी आई-बापांना दोष दिला नाही. गुरं चरतात त्या कुरणात शाळा नेली, ती कुरणशाळा. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली आणि त्या मांडणीला विकासवाडी म्हटलं. धाकटं भावंड पाळणाघरात ठेवलं की थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसायला मोकळी. घराचं काम आणि मुलाचं शिकणं यांचा मेळ कसा घालायचा, हे त्या दोघींनी कामातून दाखवून दिलं. आज हिंगोलीत प्रत्येक गावात अंगणवाडी आहे, पण ती दुपारीच बंद होते. सुगीच्या तीन महिन्यांत ती संध्याकाळपर्यंत चालवली आणि सेविकेला त्याचा वेगळा मोबदला दिला, तर किती थोरल्या बहिणी मोकळ्या होतील याचा विचार करावा.

शहरातही असे प्रयत्न झाले. पुण्यात ‘पालकनीती’ मासिकाच्या परिवारानं १९९६मध्ये कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतल्या मुलांसाठी खेळघर सुरू केलं. शाळेच्या बाहेरच्या वेळात खेळ, कला, गप्पा आणि अभ्यास. मराठवाड्यात जकेकूरवाडीनं आणि त्याआधी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावानं निराळी वाट काढली. वडगावात २०२२पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघर टीव्ही-मोबाइल बंद होतात. धाराशिवच्या उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीतही संध्याकाळी भोंगा वाजतो आणि मुलं पुस्तकं घेऊन बसतात. या दोन्ही गावांत मला मोबाइल बंद होण्यापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. मुलांची संध्याकाळ हा गावाचा विषय आहे, असं गावानं ठरवलं. एकेकट्या आईनं ‘ठेव तो मोबाइल’ म्हणून ओरडायचं, पोरानं रुसायचं, तिनं परत चुलीपुढे बसायचं, हे थांबलं. जे एका घराला जमत नाही ते सगळ्या घरांनी एकदम केलं की सोपं होतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची संध्याकाळ याहूनही अवघड. दिवाळी झाली की सेनगाव-कळमनुरीच्या तांड्यांतून बिऱ्हाडं कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. लेकरं मागे राहिली तर आजीजवळ. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, त्यात गावातच दोन्ही वेळचं जेवण मिळतं. पण शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंतचा आणि जेवणानंतरचा वेळ कोणी बघायचा, हे नेमकं ठरलेलं नसतं. ज्या मुलाचे आई-बाप पाचशे किलोमीटरवर उसाच्या फडात आहेत, त्याला संध्याकाळी कुणीतरी ‘आज काय झालं रे शाळेत’ असं विचारणारं हवं. तेवढ्यानंही लेकरू टिकतं.

या सगळ्यासाठी नवा कायदा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. त्या समितीनं ठरवलं तर शाळेचं मैदान आणि एक खोली संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवता येते. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून दोन दिवे, एक सतरंजी, कॅरमचा बोर्ड, गोष्टींची शंभर पुस्तकं आणि गावातल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीला संध्याकाळच्या दोन तासांचं मानधन सहज निघतं. हे काम मुलीलाच द्यावं, कारण ती तिथे असली तर बाकीच्या मुलींना घरचे पाठवतात. गावच्या वाचनालयाला शासनाचं अनुदान असेल तर त्याच्या वेळा मुलांना सोयीच्या करून घ्याव्यात. आणि हळद शिजण्याच्या दिवसांत चाचण्या कधी घ्यायच्या, हे शाळेनं पालकांना विचारून ठरवावं.

दिवाळीची सुट्टी संपते आहे. सोयाबीन घरात आलं आहे, हळद अजून वावरात उभी आहे. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. हा अंक वाचणाऱ्या हिंगोलीतल्या प्रत्येक आई-बापाला, शिक्षकाला आणि सरपंचाला विनंती आहे, त्या सभेत रस्ता आणि नळयोजनेच्या बरोबरीनं एक ठराव मांडा: आपल्या गावची शाळा संध्याकाळी सातपर्यंत लेकरांसाठी उघडी राहील. ठराव लिहून घ्या, त्यावर आयांच्या सह्या घ्या आणि किल्ली कोणाकडे राहणार, हे त्याच सभेत ठरवा.